मोठा फाटलेला रोटेटर कफ आणि दुर्बिणीतून ऑपरेशन: पाच-दहा वर्षांनी खांदा कसा राहतो?

अबोली_क
नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय. आई ६३ वर्षांची, सांगलीला असते, मी पुण्यात. दोन महिन्यांपूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरून पडली आणि उजवा हात टेकला. एक्सरेत फ्रॅक्चर नव्हतं म्हणून आम्ही सगळे निवांत झालो, पण हात काही वर जाईना. सुरुवातीला खांदा आखडलाय असं सांगून शेक आणि गोळ्या दिल्या, त्यात बरेच दिवस गेले. शेवटी एमआरआय केला तर खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या रोटेटर कफमधले वरचा सुप्रास्पायनेटस आणि मागचा इन्फ्रास्पायनेटस हे दोन्ही टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, पूर्ण फाटलेत, चार सेंटिमीटरच्या वर गॅप आहे, टोक मागे ओढलं गेलंय आणि खाली लिहिलंय की फॅटी इन्फिल्ट्रेशन ग्रेड २, म्हणजे स्नायूत चरबी शिरलीय. आईला शुगर आहे, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीए१सी, ८.४.

एका डॉक्टरांनी सांगितलं लगेच दुर्बिणीतून शिवून घ्या. दुसरे म्हणाले एवढं मोठं फाटलेलं परत फाटतंच, व्यायाम करा आणि नाहीच जमलं तर पुढे सांधा बदलू. आता आम्ही काय समजायचं? नेटवर सगळे सहा महिन्यांचे अनुभव लिहितात, हात वर गेला, आम्ही खूश वगैरे. पण पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय होतं ते कुणीच लिहीत नाही. रात्री आई कुशीवर वळली की कळवळून उठते, ते बघवत नाही. ज्यांचं ऑपरेशन जुनं झालंय त्यांनी प्लीज लिहा, चांगलं-वाईट दोन्ही.

रानवारा
अबोलीताई, माझं ऑपरेशन होऊन दहा वर्षं उलटून गेलीत म्हणून लिहितो. किराणा दुकान आहे, पोती उचलायचं काम आयुष्यभर. दोन टेंडन फाटले होते, उजवाच खांदा. दुर्बिणीतून शिवले, चार अँकर (टेंडन हाडाला धरून ठेवणारे छोटे स्क्रू) घातले.

दुखणं गेलं. हे मी सगळ्यात आधी सांगतो कारण ऑपरेशनच्या आधी दीड वर्ष मी खुर्चीत बसून झोपत होतो. आज त्याच कुशीवर झोपतो. हात डोक्याच्या वर जातो, बनियन घालता येतं, भांग पाडता येतो, स्कूटर चालवतो. पण ताकद नाही आली ती नाहीच आली. दुकानाचं शटर एका हाताने ओढायचो ते बंद झालं. वरच्या फळीवरून पाच किलोचा डबा काढायचा तर दोन्ही हात लागतात, आणि हात अंगापासून लांब धरून काही उचलायचं म्हटलं की तिथेच थरथरतो. पाचेक वर्षांनी दुसऱ्या कारणाने सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की मागचा टेंडन परत सुटलेला आहे. मला पत्ताही नव्हता! डॉक्टरांनी विचारलं त्रास काय होतोय, मी म्हटलं काही नाही, ते म्हणाले मग राहू द्या. तसंच आहे अजून.

शेवंती
रानवारा, हे वाचून गोंधळच झाला. परत फाटलंय तरी दुखत नाही? मग पहिल्यांदा फाटलं तेव्हा एवढं का दुखत होतं? आणि परत फाटूनही चालत असेल तर ऑपरेशनचा उपयोग काय झाला नेमका?

अस्थी_कोल्हापूर
शेवंती यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि हाच या विषयाचा गाभा आहे. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, बरीच वर्षं खांद्याची कामं करतो. पेशंट न तपासता सल्ला देणार नाही, पण विषय समजावून सांगतो. जरा लांब होईल.

खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीवर लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर बसलेला असतो. बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो पण तो गोळ्याला वर खेचतो, आणि कफचे चार स्नायू त्याच वेळी गोळा खोबणीत दाबून धरतात. पुढून सबस्कॅप्युलॅरिस आणि मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, ही पुढची-मागची जोडी समतोल राहिली की वरती भोक असलं तरी हात चालतो. अमेरिकेतल्या बर्कहार्ट यांनी नव्वदच्या दशकात हे दाखवून दिलं आणि म्हणूनच पूर्ण शिवता येत नसेल तर अर्धवट का होईना शिवा, समतोल परत आणा, हा विचार आला. त्यामुळे रानवारांचं परत सुटलेलं भोक हे मूळच्या भोकाएवढं आणि त्याच जागी असेलच असं नाही. शिवाय ऑपरेशनच्या वेळी सुजलेलं बर्सा (टेंडनवरची पातळ पिशवी) साफ होतं, आणि बायसेप्सचा लांब टेंडन, जो बऱ्याचदा रात्रीच्या दुखण्याचं खरं कारण असतो, तो सोडवतात किंवा खाली बसवतात. म्हणून दुखणं जातं आणि परत फाटलं तरी बऱ्याच जणांचं ते परत येत नाही.

आता आकडे. मोठ्या टेअरमध्ये, म्हणजे मोठं फाटलेलं असेल तर, परत फाटण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २० टक्क्यांपासून ९४ टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. एवढी तफावत का, तर कुणाचं वय किती, फाटून किती काळ झाला, स्नायू कसा होता, सगळं वेगळं. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा २००४ चा गॅलट्झ यांचा अभ्यास सगळ्यांना माहीत आहे. १८ जणांचे मोठे टेअर दुर्बिणीतून शिवले, निदान वर्षभराने सोनोग्राफी केली तर १७ जणांचे परत फाटलेले. पण त्याच लोकांचं दुखणं एक वर्षाला खूप कमी होतं आणि हातही वर जात होता. दोन वर्षांनी मात्र निकाल थोडे खाली आले. ती सुरुवातीच्या तंत्राची केस होती, आज दुहेरी रांगेत अँकर टाकतात, धागे चांगले आलेत, प्रमाण सुधारलंय. तरी मोठ्या टेअरला परत फाटायची शक्यता मोठीच असते आणि हे ज्याने ऑपरेशनच्या आधी सांगितलं नाही त्याने पेशंटवर अन्याय केला असं मी म्हणतो.

दहा वर्षांचं विचाराल तर झुरिकच्या गेर्बर यांच्या टीमचा २००८ चा पेपर बघा. ती ओपन पद्धतीची ऑपरेशनं होती, दुर्बिणीची नव्हे, पण टेअर तसेच मोठे. साधारण तीन वर्षांनी ३७ टक्के परत फाटलेले होते आणि दहा वर्षांच्या आसपास ५७ टक्के. तरीही तेवीसपैकी बावीस जण समाधानी किंवा खूप समाधानी. ज्यांचं जुळून राहिलं त्यांची ताकद आणि एकूण खांदा अर्थातच जास्त चांगला. म्हणजे जुळलं तर उत्तमच, नाही जुळलं तरी बहुतेकांचा हात ऑपरेशनच्या आधीपेक्षा बरा राहतो.

लीड्सकर
डॉक्टरसाहेब, छान लिहिलंत. मी इंग्लंडमध्ये असतो, इथे माझ्या सासऱ्यांचं हेच झालं म्हणून थोडं वाचलेलं आहे. दुर्बीण की उघडून, यावर इथे मोठा ट्रायल झाला होता, यूकेयूएफएफ नावाचा, २७३ पेशंट, दोन वर्षांनी दोन्हीत फरक नाही असं निघालं. त्यामुळे दुर्बिणीने केलं म्हणून जास्त टिकतं असं कुणी सांगत असेल तर तसं काही नाही, छेद लहान आणि पहिले काही आठवडे बरे जातात एवढंच.

आणि एक सावध करतो. न शिवता येणाऱ्या टेअरसाठी खांद्यात एक बलून घालतात, काही महिन्यांत विरघळणारा. कुणी तो सुचवला तर जरूर विचारा. २०२२ साली लॅन्सेटमध्ये ब्रिटनचा ट्रायल आला, ११७ लोक होते, अर्ध्यांना नुसती सफाई आणि अर्ध्यांना सफाई अधिक बलून. बलूनवाल्यांचे निकाल उलट खराब आले, ट्रायल मध्येच थांबवला. नवीन म्हणजे चांगलं असं नसतं हे मला त्यावरून कळलं.

माळरान
आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, हिसका देऊन खांदा बसवतात, लोक लांबून येतात. एमआरआयच्या नादी लागण्यापेक्षा एकदा दाखवा. नुकसान तर काही नाही.

अस्थी_कोल्हापूर
माळरान, नुकसान आहे. हा खांदा निखळलेला नाही, टेंडन हाडापासून तुटलाय. हिसका दिल्यावर उरलेलं तेवढंही तुटतं. मी असे खांदे पाहिलेत. तेल हलक्या हाताने लावा, शेक घ्या, पण ओढाताण कुणालाही करू देऊ नका.

मैत्रेयी_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन चांगलं झालं आणि घरी बिघडलं असं इतक्या वेळा बघितलंय की मला इथे थोडं सविस्तर लिहायचंय, कारण परत फाटण्याच्या बहुतेक केसेस पहिल्या सहा महिन्यांतच होतात, दहाव्या वर्षी अचानक नाही. दहा वर्षांनी खांदा कसा असेल ते बऱ्यापैकी या काळात ठरतं.

मोठ्या टेअरला साधारण सहा आठवडे पट्टा, काखेत उशी असलेला. या काळात हात स्वतःहून उचलायचा नाही, अजिबात नाही. बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं. सर्जनने परवानगी दिली की वाकून हात लोंबता सोडून हलकेच झुलवायचा, याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात. तेच बोस्टनचे कॉडमन, ज्यांनी १९०९ साली फाटलेला कफ शिवला होता. मग सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात, पुली, भिंतीवर बोटं चढवणं, आणि रबर बँडची ताकद बारा आठवड्यांच्या आधी नाही. मोठ्या टेअरला मी त्याहूनही उशिरा सुरू करते.

पण आपल्या घरांत काय होतं ते सांगते. अबोली, आई जमिनीवर बसतात का? पाटावरून किंवा खाली घातलेल्या गादीवरून उठताना माणूस नकळत हात जमिनीला टेकतो आणि सगळं वजन त्या खांद्यावर येतं. माझ्या एका पेशंटचं पाचव्या आठवड्यात असंच झालं, देवासमोर बसल्या होत्या, उठताना हात टेकला, कट् असा आवाज आला आणि संपलं. ऑपरेशनच्या आधीच उंच पलंग, कमोड आणि हातांची खुर्ची यांची सोय करा. ब्लाउजचे हूक, पाठीमागे हात नेऊन वेणी, पदर खांद्यावर टाकणं, कणीक मळणं, कपडे पिळणं, कुकरचं झाकण लावायला जोर देणं, हे सगळं तीन महिने दुसऱ्या कुणीतरी करायचं. पुढून बटणं असलेले सैल गाऊन शिवून ठेवा. आया ऐकत नाहीत, पट्टा काढून ‘एवढी भाजी परतते’ म्हणतात. दुखत नाही म्हणजे जुळलं असा समज असतो. दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कमी होतं आणि टेंडन हाडाला धरायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, धोका नेमका इथे आहे.

दादरकर
दुसरी बाजूही लिहितो. वडिलांचं वय ७४, मोठा टेअर, एमआरआयमध्ये चरबीची ग्रेड ४ आणि गोळा व वरचं हाड यातलं अंतर कमी झालेलं. सर्जनने स्वतःच सांगितलं की यात शिवण्यासारखं उरलेलं नाही. त्यांनी डेल्टॉइडचा व्यायाम दिला. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या खांद्याच्या सेंटरने २००८ च्या सुमारास मांडलेला आहे म्हणे. पाठीवर उताणं झोपायचं, दुखऱ्या हाताचा कोपर वाकवून हात छताकडे सरळ करायचा, लागला तर दुसऱ्या हाताचा आधार, आणि तो वर धरून हळूहळू पुढे-मागे. नंतर हातात थोडं वजन. आमच्याकडे पाण्याची छोटी बाटली होती. मग पाठीमागे उशा लावत लावत बसतं व्हायचं. पहिला महिना काही फरक दिसेना, बाबा वैतागायचे. तीन महिन्यांनी स्वतःच्या हाताने जेवायला लागले, दाढी करतात. वरच्या कप्प्यातलं काही काढता येत नाही. त्यांना तेवढं पुरतं.

आत्याचं मात्र व्यायामाने भागलं नाही, हात खांद्याच्या वरच जाईना, तिने रिव्हर्स सांधा बसवून घेतला. ती आता मजेत आहे.

शेवंती
रिव्हर्स म्हणजे काय? उलटा?

अस्थी_कोल्हापूर
हो, गोळा खोबणीच्या जागी आणि खोबण दंडाच्या हाडावर. फ्रान्समधल्या दिजोंचे पॉल ग्रामाँ यांची १९८५ सालची कल्पना. कफ नसला तरी एकट्या डेल्टॉइडला हात उचलता यावा म्हणून फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली आणलाय. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त सांधे जागेवर असतात, पण फंक्शन काळानुसार थोडं उतरतं आणि एकदा केलं की मागे येता येत नाही, म्हणून सत्तरीच्या आसपासच्या किंवा पुढच्या पेशंटला आणि शिवणं शक्य नसेल तेव्हा. ६३ व्या वर्षी, स्नायू अजून चांगला असताना, मी पहिला पर्याय म्हणून तो देणार नाही.

दादरकरांच्या वडिलांचा आणि अबोलींच्या आईचा फरक लक्षात घ्या, कारण सगळे जण फक्त भोकाचा आकार विचारतात. गुटालिए नावाच्या फ्रेंच सर्जनने १९९४ साली ही ग्रेड दिली. ० म्हणजे निखळ स्नायू, १ म्हणजे चरबीच्या रेघा, २ म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त, ३ म्हणजे निम्मं-निम्मं, ४ म्हणजे स्नायूपेक्षा चरबी जास्त. ही चरबी शिवल्यावर परत जात नाही, आणि न शिवता ठेवलं तर वाढत जाते. ३ आणि ४ मध्ये शिवलं तरी जुळायची शक्यता कमी आणि जुळलं तरी ओढणारा स्नायूच उरलेला नाही. २ ही अजून वेळ हातात असलेली ग्रेड आहे. आणि आईंचा हात पडल्यावर एकदम गेलाय, म्हणजे निदान काही भाग तरी ताजा फाटलाय. अशा टेअरला तीन-चार महिन्यांच्या आत शिवलेलं बरं. तुमचे दोन महिने गेलेत.

तुलनेसाठी नॉर्वेचा अभ्यास पाहा, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या टेअरचा, म्हणजे तुमच्यापेक्षा लहान. १०३ जण, अर्ध्यांना शिवलं आणि अर्ध्यांना फिजिओ. सुरुवातीला फरक थोडाच होता, दहा वर्षांनी तो वाढलेला निघाला, शिवलेल्यांच्या बाजूने, आणि फिजिओवाल्या ५१ पैकी १४ जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे उरलेल्या ३७ जणांचं ऑपरेशनशिवाय चाललं, हेही खरंच.

अबोली_क
सगळ्यांचे खूप आभार, कालपासून तीनदा वाचला धागा, आईलाही फोनवर वाचून दाखवला. रानवारा दादा, तुमचं वाचून आई म्हणाली की मला पोती उचलायची नाहीत, मला रात्री झोप आणि स्वतःची वेणी स्वतः घालता आली की बास.

डॉक्टर, एक्सरे परत बघितला, गोळा आणि वरचं हाड यातलं अंतर ९ मिलिमीटर लिहिलंय. हे चांगलं की वाईट? आणि शुगरचं काय, ती आटोक्यात येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तुम्ही सांगितलेले तीन-चार महिने निघून जातील.

अस्थी_कोल्हापूर
९ चांगलं. ७ च्या खाली गेलं की गोळा वर सरकलाय आणि शिवणं अवघड असं समजतो. शुगरसाठी एचबीए१सी खाली यायची वाट बघू नका, तो तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे तो हलायलाच वेळ लागतो. रोजची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर फिजिशियनकडून दोन-तीन आठवड्यांत ताब्यात आणा, गरज पडली तर तात्पुरतं इन्सुलिन, आणि ऑपरेशननंतरही तशीच ठेवा. मधुमेहात टेंडन जुळायला वेळ लागतो आणि खांदा आखडायची शक्यताही जास्त, म्हणून मैत्रेयी म्हणाल्या तो फिजिओ यांच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा. घरात कुणी सिगरेट-तंबाखू-मिश्री वापरत असेल तर बंद. मिश्रीचं मुद्दाम विचारतोय, बायका सांगत नाहीत.

सर्जनला तीन गोष्टी विचारा. पूर्ण शिवता येईल असं वाटतं की अर्धवट, बायसेप्सचं काय करणार, आणि आत गेल्यावर शिवता आलं नाही तर तुमचा दुसरा बेत काय. याची सरळ उत्तरं देणारा सर्जन निवडा. आणि अंदाजपत्रकात किती अँकर धरलेत ते लिहून घ्या, बिलाचा मोठा भाग तोच असतो आणि मेडिक्लेमवाले त्यावरच अडतात.

अबोली_क
आई मिश्री लावते. विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग हो. आजपासून बंद करायचं कबूल केलंय.

काल मिरजेत दाखवून आलो. ते म्हणाले मागचा टेंडन बहुतेक पूर्ण येईल, वरचा किती येईल ते आत गेल्यावर कळेल, बायसेप्स सोडवणार, आणि परत फाटू शकतं हे त्यांनी आम्ही विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं, त्यामुळे आईला ते पटले. शुगरसाठी इन्सुलिन सुरू केलंय, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची तारीख धरलीय. मी दोन महिने वर्क फ्रॉम होम घेऊन सांगलीला राहणार आहे. मैत्रेयी, झोपायचं कसं तेवढं सांग ना, आई उताणी झोपूच शकत नाही.

मैत्रेयी_फिजिओ
फार चांगलं केलंस जातेयस ते. पहिले काही आठवडे अर्धवट बसून झोपायचं, पाठीमागे तीन-चार उशांचा उतार कर किंवा भाड्याने रिक्लायनर मिळतो तो आण. दंडाच्या खाली कोपरापर्यंत एक घडी केलेली चादर ठेव म्हणजे कोपर मागे गादीत पडणार नाही, सगळं दुखणं त्यानेच होतं. पट्टा झोपेतही राहू दे. पलंगाची बाजू अशी ठेव की त्या डाव्या कुशीने उठतील. आणि ऑपरेशनच्या आधीच चार-पाच रात्री असं झोपायची सवय कर, त्या रात्री भूल उतरल्यावर नवीन काही शिकायची ताकद नसते. तारीख झाली की इथे लिही, पहिल्या आठवड्याचे व्यायाम तुझ्या सर्जनचा कागद बघून सांगते.